सहा वर्षांच्या लेकीसाठी चिअर जिम निवडताना

प्रश्न डॅलसजवळच्या फ्रिस्कोहून आला आहे. मुलगी सहा वर्षांची. घरभर कार्टव्हील, म्हणजे हातांवर बाजूने गोल उलट्या, मारत असते, सोफ्याच्या हातावरून मागे कमान टाकते. वर्गातली मैत्रीण ऑल-स्टार चिअर जिमला जाते म्हणून हिलाही तिथेच जायचं आहे. गाडीने वीस मिनिटांच्या आत तीन जागा आहेत. एक मोठी, नावाजलेली जिम, स्पर्धांत जिंकलेले भिंतभर बॅनर. त्यांनी मुलीला पाच मिनिटं पाहून ‘एलिटच्या मिनी टीममध्ये’, म्हणजे लहान वयोगटाच्या टीममध्ये, घेतो असं सांगून टाकलं. दुसरी लहान जिम, तिथे नॉव्हिस, म्हणजे नवशिक्यांची, टीम आहे. तिसरं साधं जिम्नॅस्टिक्स सेंटर. नवऱ्याला खर्चाची धास्ती आहे, आणि भारतातून आलेल्या सासूबाईंनी विचारलंय, ‘चिअरलीडिंग म्हणजे आयपीएलमध्ये नाचतात त्या मुली ना?’ तर मुलीला घालायचं कुठे?

मी दादरला मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स करत वाढले आणि आता बरीच वर्षं टेक्सासात अगदी लहान मुलांना टम्बलिंग, म्हणजे कोलांट्यांचे प्रकार, शिकवते. आधी उत्तर सांगते, मग कारणं. यंदा लहान जिमची नॉव्हिस टीम घ्या. अट एकच: पैसे भरण्याआधी त्या टीमचा सराव सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघायचा आणि तो तुम्हाला पटला पाहिजे. नाही पटला तर बिनधास्त जिम्नॅस्टिक्स सेंटरला घाला. मोठी जिम कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षीच्या ट्रायआउटलाही, म्हणजे निवड चाचणीलाही, ती तिथेच असणार.

कारण असं, की जिम कितीही मोठी असली तरी तुमच्या मुलीच्या वाट्याला येणार ती तिथली सर्वांत धाकटी टीम आणि त्या टीमची कोच. बॅनर जिंकलेले असतात वरच्या लेव्हलच्या टीमनी. ती सोळा-सतरा वर्षांची मुलं आणि त्यांचे नामवंत कोच तुमच्या लेकीला फार तर पार्किंगमध्ये दिसतील. धाकट्या टीमकडे काही ठिकाणी जिममधली सर्वांत अनुभवी बाई असते, तर काही ठिकाणी हायस्कूलमधली मुलगी, जी स्वतः वरच्या टीममध्ये आहे आणि फावल्या वेळात शिकवते. दोन्ही मी पाहिलं आहे, आणि बाहेरच्या पाटीवरून यातलं काय आत आहे ते कळत नाही.

सासूबाईंचा प्रश्न आधी संपवू. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडे चिअरलीडर म्हटलं की षटकारानंतर नाचणाऱ्या मुली डोळ्यांसमोर येतात, त्यात त्यांचा काही दोष नाही. तुमची मुलगी करणार ते निराळं. ऑल-स्टार चिअरमध्ये दुसऱ्या कुणाला प्रोत्साहन द्यायला कडेला उभं राहायचं नसतं. टीम स्वतःच स्पर्धेत उतरते. ५४ फूट बाय ४२ फुटांचा, खाली स्प्रिंगा लावलेला फ्लोअर, त्यावर जास्तीत जास्त अडीच मिनिटांचं रुटीन, त्यात टम्बलिंग, जंप, थोडा नाच आणि एकमेकांना उचलून धरण्याचे स्टंट, आणि समोर गुण देणारे परीक्षक. आंतरराष्ट्रीय चिअर युनियनला ऑलिम्पिक समितीने २०२१मध्ये पूर्ण मान्यता दिली आहे. एवढं सांगूनही पटलं नाही तर दहीहंडी आठवा म्हणावं: खाली खांदे देणारे, मागून आधार देणारे आणि वर चढणारं हलकं पोर. फरक इतकाच, की इथे लेव्हलच्या परवानगीपेक्षा वरचा थर लावला तर टीमचे गुण कापतात.

तुम्ही राहता तो भाग तर या खेळाचं माहेरच. लॉरेन्स हर्किमर या डॅलसच्या गृहस्थांनी १९४८मध्ये नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन, म्हणजे एनसीए, सुरू केली. ‘हर्की’ ही उडी त्यांच्याच नावाची. त्यामुळे तुमच्या आसपास जिमची कमतरता नाही. म्हणूनच दोन महिने उशीर झाला तर जागा जाईल ही भीती कुणी घातली तरी घालून घेऊ नका.

आता ‘एलिट’ हा शब्द. मराठी आईबाप इथेच फसतात, कारण आपल्याला वाटतं की मुलगी हुशार म्हणून वरच्या तुकडीत घेतलं. तसं नाही. या खेळाचे नियम ठरवणारी संस्था यूएसएएसएफ. तिच्या चौकटीत दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एक लेव्हलची, १ ते ७: काय करायला परवानगी आहे ते ती सांगते. लेव्हल १मध्ये कोलांट्या, कार्टव्हील, राउंड-ऑफ, वॉकओव्हर. बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागे उडी घेऊन हातांवरून उलटून पायांवर येणं, लेव्हल २पासून. मागे हवेत पूर्ण कोलांटी त्याच्याही पुढे. दुसरी मोजपट्टी नॉव्हिस, प्रेप आणि एलिट ही, आणि ती सांगते किती झोकून द्यायचं आहे ते. नॉव्हिसचं रुटीन दीड मिनिटाचं, प्रेपचं दोन, एलिटचं अडीच. नॉव्हिसमध्ये टीमना क्रमांक लावत नाहीत, श्रेणी देतात. प्रेपला सराव आणि प्रवास बेताचा. एलिटला सराव जास्त, स्पर्धा जास्त, दुसऱ्या शहरात हॉटेलात राहणं आलं. म्हणजे ‘एलिट मिनी लेव्हल १’ मधली मुलगी करणार कार्टव्हील आणि कोलांटीच, फक्त आठवड्याला जास्त तास आणि जास्त पैशांत.

मग पाच मिनिटं पाहून त्यांनी तिला एलिटमध्ये का घेतलं? वाईट हेतू असेलच असं नाही. टीम उभी करायला ठरावीक मुलं लागतात, आणि सहा वर्षांची, हलकी, न घाबरणारी, लवचीक मुलगी म्हणजे जिमला आयती फ्लायर, स्टंटमध्ये वर जाणारी मुलगी, सापडली. त्यांच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर आहे. पण त्या पाच मिनिटांत त्यांनी तिची उंची, वजन आणि कमान पाहिली. ती रांगेत कशी थांबते, दमल्यावर ऐकते का, दुसरीचं वजन हातात घ्यायला तयार होते का, यातलं काही पाहिलं नाही. पाच मिनिटांत पाहताही येत नाही.

आता सरावाला जाऊ. तुम्ही एक संध्याकाळ खर्च करायची ती इथेच. नुसत्या ट्रायल क्लासवरून ठरवू नका, तो पाहुण्यांसाठी सजवलेला असतो. नेहमीचा, आठवड्याच्या मधल्या दिवसाचा सराव बघायला मागा. ‘पालकांना बघता येत नाही’ असं उत्तर आलं तर त्या जिमचा विषय तिथेच संपला. काही जिममध्ये रोज बसायला मनाई असते आणि त्याला कारणही असतं, कारण काचेपलीकडे आई हातवारे करत असली की मूल कोचकडे बघत नाही. पण खिडकी, कॅमेरा किंवा ठरलेला बघण्याचा दिवस यांपैकी काहीतरी हवंच.

बसलात की स्टंटच्या वेळी फ्लायरकडे बघू नका. सगळे तिच्याकडेच बघतात. खाली बघा. चार पोरी असतात: समोरासमोर दोन बेस, म्हणजे खालून उचलणाऱ्या, मागून आधार देणारी बॅक स्पॉट, आणि वर जाणारी. चांगली कोच फ्लायरला बाजूला बसवून आधी नुसत्या बेसना बसायला-उठायला लावते. पाठ ताठ, गुडघे वाकलेले, हात छातीजवळ, दोघींची लय एक. मग फ्लायर येते ती मांडीवर पाय ठेवण्यापुरती. ते जमलं की कमरेच्या उंचीला, आणि तेही पक्कं झालं की खांद्याच्या. प्रत्येक पायरीला कोच स्वतः अंगाला अंग लावून उभी असते, मोबाइल हातात घेऊन चार पावलं लांब नाही. मोजणी सगळ्या मोठ्याने करतात. आणि स्टंट डळमळला की कोच आधी कुणाला काय सांगते ते ऐका. ‘वरची, ताठ राहा’ एवढंच ओरडत असेल तर तिला कळलेलं नाही. बहुतेक वेळा चूक खालच्या हातात किंवा बेसच्या अंतरात असते. पडताना काय करायचं हे शिकवतात का, हे तर मी सर्वांत आधी बघते. फ्लायरने मागे कोसळायचं नाही, आणि खालच्यांनी डोकं, मान आणि पाठ झेलायची, पाय जमिनीला लागले तरी चालतील. सहा वर्षांच्या मुलांना हे कळतं, रोज सांगितलं तर.

दुसरं, रांग. तुमच्या मुलीएवढ्या एखाद्या मुलीवर नजर ठेवा आणि ती किती वेळ खरोखर काही करते ते पाहा. एका कोचमागे वीस मुलं असतील तर तासातला बराच वेळ ती रिबिनीशी खेळत उभी राहील. या वयाला आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस मला बरं वाटतं. बाकी मॅट फाटकी नाही ना, फ्लोअरच्या पट्ट्यांमध्ये फटी नाहीत ना, वरच्या टीमची मुलं धाकट्यांच्या अंगावरून टम्बलिंग पास घेत नाहीत ना, हे नजर फिरवली की कळतं.

एक बारीक खूण सांगते. सराव सुरू व्हायच्या आधी कोच मुलींचे कान आणि मनगटं बघते का? नियमाप्रमाणे अंगावर दागिना चालत नाही. आपल्या मुलींच्या कानात बाळ्या असतात, कुणाच्या हातात काळा दोरा, कुणाच्या पायात पैंजण. स्टंटमध्ये बोट बाळीत अडकलं तर कानाची पाळी फाटते. मला आजवर किती आज्यांनी डोळे वटारलेत, पण मी काढायला लावतेच. सासूबाईंना ही गोष्ट आधीच सांगून ठेवा. नुकतेच कान टोचले असतील तर भोक बुजायचं भय असतं, तेव्हा टोचायचे असतील तर सीझन संपल्यावर टोचा.

टम्बलिंगचं थोडं सविस्तर, कारण तिथे घाई सर्वांत जास्त होते आणि ती बहुतेक वेळा आईबापांचीच असते. बॅक हँडस्प्रिंग ही या खेळातली पहिली मोठी पायरी. ‘वाढदिवसापर्यंत आली पाहिजे’ असं म्हणणारे पालक दर सीझनला भेटतात. सहा वर्षांच्या मुलीला ती आठवड्यात ‘आणून’ देता येते, यात जादू नाही: कोचने कमरेला धरून उलटवली की झाली. पण हात कोपरातून वाकलेले, डोकं आधी खाली, पाय फाकलेले, अशी सवय एकदा हाडांत बसली की सोडवायला वर्ष जातं. आणि भीती बसली, म्हणजे मूल उभं राहून मागे जायलाच नकार देऊ लागलं, तर त्याहून जास्त. नीट शिकवणारी जिम हातावर उभं राहण्यात महिने घालवते. हात कानांना चिकटलेले, पोट आत, खांद्यातून जमीन ढकलायची. मग गोल पिंपावरून मागे जाणं, उतरत्या मॅटवर, टम्बल ट्रॅकच्या उसळत्या लांब पट्टीवर, आणि सगळ्यात शेवटी सपाट फ्लोअरवर. बघताना हे कंटाळवाणं दिसतं. मुलांना नाही दिसत, कारण चांगली कोच त्याचे खेळ करते. ‘इथे येताच महिन्यात हँडस्प्रिंग’ अशी जाहिरात करणाऱ्या जिमकडून मी उलट पावली परत येईन.

इथेच जिम्नॅस्टिक्स सेंटरचं महत्त्व. तुमच्या मुलीला सध्या जे लागतं ते तिथे निम्म्या पैशांत मिळू शकतं: कोलांटी, हातावर उभं राहणं, ताकद, पडायला शिकणं. तिथे टीम नाही, मैत्रीण नाही, चमचमता युनिफॉर्म नाही, आणि सहा वर्षांच्या जिवाला नेमकं तेच हवं असतं, हेही खरं. म्हणून मी पहिला पर्याय नॉव्हिसचा सांगितला.

आता माणसांची पारख. यात संकोच करू नका. या खेळाने गेल्या काही वर्षांत वाईट दिवस पाहिले आहेत. २०२२मध्ये साउथ कॅरोलिनातल्या एका नामांकित जिमच्या संस्थापकावर आणि तिथल्या कोचवर लैंगिक अत्याचाराचे आरोप करणारे दावे दाखल झाले, आणि त्यानंतर इतर राज्यांतही. २०१८पासून इथे सेफ स्पोर्टचा कायदा आहे. त्यानुसार खेळाशी संबंधित मोठ्या माणसाला अत्याचाराचा संशय आला तर २४ तासांत कळवावं लागतं. तुम्ही करायचं ते असं. जिम यूएसएएसएफची सभासद आहे का ते पाहा. मुलीला शिकवणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासलेली आहे का आणि सेफ स्पोर्टचं प्रशिक्षण झालंय का, हे मालकाला सरळ विचारा. मग घरी बसून त्यांची नावं यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्टच्या, कारवाई झालेल्या लोकांच्या खुल्या यादीत आणि यूएसएएसएफच्या अपात्र व्यक्तींच्या यादीत शोधा. पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि कुणाला कळतही नाही. मात्र यादीत नाव नाही म्हणजे माणूस चांगला, असं प्रमाणपत्र कुणी देत नाही. म्हणून रोजच्या वागण्याचे नियम बघा. खाजगी शिकवणी बंद खोलीत होत नाही ना? कोच मुलांना एकट्याने मेसेज करतो का, की त्यात पालक असतात? स्पर्धेच्या गावी मुलं कुणाच्या खोलीत झोपतात? हे विचारल्यावर समोरच्याने नाराज होण्याचं कारण नाही. मला कुणी विचारलं तर बरंच वाटतं.

वजनाबद्दल एकच: कोच किंवा दुसरी कुठली आई ‘फ्लायर राहायचं तर जरा सांभाळून खाऊ दे’ असं सहा वर्षांच्या मुलीसमोर बोलली तर ती जिम सोडा. आणि घरात आपणही ‘किती हलकी आहेस, म्हणूनच तुला वर घेतात’ असं कौतुक करू नये. ती दोन वर्षांत उंच होणार, बेस होणार, आणि तेव्हा तिला ती शिक्षा वाटेल. धाकट्या टीममध्ये सगळ्यांना सगळ्या जागा आळीपाळीने देणारी कोच मिळाली तर नशीब समजा.

नवऱ्याची धास्ती रास्त आहे. जिमच्या पत्रकावर ठळक छापलेली असते ती महिन्याची फी, आणि तो खर्चाचा एक भागच असतो. त्याशिवाय युनिफॉर्म, बूट, सरावाचे कपडे, केसांचा बो, स्पर्धेच्या प्रवेशफी, कोरिओग्राफी, रुटीनचं संगीत, सभासदत्व, कोचच्या प्रवासाचा वाटा; आणि तुमचं हॉटेल, पेट्रोल, प्रेक्षक म्हणून आत जायचं तिकीट ते वेगळंच. एकटा युनिफॉर्मच तीनशे-चारशे डॉलरला जातो, आणि मूल दोन वर्षांत त्यात मावत नाही. आमच्या भागात मी जे पाहते त्यावरून नॉव्हिसचं वर्ष हजार-दोन हजार डॉलरमध्ये निभतं, प्रेप त्याहून थोडं वर, आणि एलिट प्रवास धरून चार-पाच हजारांना सुरू होतं, पुढे मर्यादा नाही. तुमच्या जिमचे आकडे वेगळे असतील. म्हणून तोंडी अंदाज न घेता महिनावार तक्ता मागा, आणि त्यात ‘साधारण’ लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवून गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती झाले ते विचारा.

हॉटेलाबद्दल वेगळं विचारा. बऱ्याच मोठ्या स्पर्धांना आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलातच राहावं लागतं, स्वस्त खोली स्वतः शोधता येत नाही. स्पर्धा आणि युनिफॉर्मच्या या बाजारात व्हर्सिटी कंपनीचं वर्चस्व एवढं, की मक्तेदारीच्या आरोपावरून पालकांनी केलेल्या दाव्यात २०२४मध्ये ८ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड झाली. तुमची जिम यात काही बदलू शकत नाही, पण वर्षात अशा किती स्पर्धा घ्यायच्या हे तिच्याच हातात असतं. सहा वर्षांच्या टीमला दोन-चार स्थानिक स्पर्धा पुरतात. विमानाने नेणाऱ्या जिमला माझा तरी नमस्कार.

करार वाचा. मुलगी जानेवारीत ‘नको’ म्हणाली तर? हात मोडला तर? नोकरीमुळे गाव बदललं तर? काही करारांत सीझनची उरलेली सगळी फी भरावी लागते. सही केल्यावर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणण्यात अर्थ नाही.

आपल्या घरांसाठी खास सूचना, वेळापत्रकाची. ट्रायआउट साधारण मे महिन्यात होतात. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरून कोरिओग्राफर बोलावून तीन-चार दिवसांत रुटीन बसवतात आणि त्या दिवसांत गैरहजर राहणाऱ्याला रुटीनमध्ये मागची जागा मिळते, कधी टीमही बदलते. नोव्हेंबर ते एप्रिल स्पर्धा. आता हिशोब करा: शाळेला सुट्टी लागली की आपण भारतात, ते थेट ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आधी परत, नाहीतर डिसेंबरात लग्नाला. दोन्ही तारखा सीझनच्या मुळावर येतात. एलिट टीममध्ये एक मूल नसलं की चौघींचा स्टंट बंद पडतो, त्यामुळे कडक हजेरीचा नियम हा कोचचा तऱ्हेवाईकपणा नव्हे, इतर तीन मुलींना दिलेला न्याय आहे. नॉव्हिसचा सीझन पुष्कळ ठिकाणी छोटा असतो आणि नियमही सैल असतात. तेव्हा आजोळची तिकिटं काढली असतील तर पहिल्याच भेटीत सांगून टाका. उत्तर ऐकून जिमचा स्वभावही कळेल.

आणि तिला बाकीचं काही सोडायला लावू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला आहे की मुलांना आठवड्यात निदान एक-दोन दिवस खेळापासून पूर्ण सुट्टी असावी आणि वर्षातून एकूण दोन-तीन महिने त्या एका खेळापासून विश्रांती. पोहणं, सायकल, मंडळाच्या गणपतीतलं लेझीम, सगळं चालू दे. सहा वर्षांच्या मुलीला दोन टीममध्ये घालायचं, ज्याला इथे क्रॉसओव्हर म्हणतात, असा आग्रह जिमने केला तर स्पष्ट नाही म्हणा. मनगट दुखतं, टाच दुखते असं ती म्हणाली तर ‘मजबूत हो’ म्हणून पाठवू नका; वाढीच्या वयात हाडांच्या टोकांचा भाग नाजूक असतो, डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार बसला तर त्या दिवशी फ्लोअरवर परत नाही, मग ती स्पर्धा का असेना. जिमचा हा नियम लेखी आहे का, तेही विचारून घ्या.

मोठी जिम वाईट, असं मी म्हणत नाही. दहाव्या-अकराव्या वर्षी मुलीला हा खेळ खरोखर लागला, हँडस्प्रिंग स्वच्छ झाली, आणि लहान जिममध्ये तिच्या वयाची त्या लेव्हलची टीमच उभी राहत नाही अशी वेळ आली, की मोठ्या जिमसारखी जागा नाही. तिथे प्रत्येक वयाला, प्रत्येक लेव्हलला टीम असते, कोच वाटून घेतलेले असतात, सामान उत्तम असतं. आणि त्या जिमची धाकटी टीम बघितल्यावर तुम्हाला मी सांगितलेलं सगळं तिथेच दिसलं, तर माझं उत्तर बाजूला ठेवून त्यांच्याकडेच जा, फक्त एलिटऐवजी त्यांच्याकडचं नॉव्हिस किंवा प्रेप मागा. असतं बऱ्याच ठिकाणी, आपणहून सांगत नाहीत.

तिची मैत्रीण ज्या जिमला जाते तिथेच जायचा हट्ट असेल, तर त्याला थोडं वजन द्या, पण सगळं नाही. या वयाच्या मैत्रिणी मेच्या ट्रायआउटनंतर वेगळ्या टीममध्ये पडतात आणि महिन्याभरात दोघींना नव्या मैत्रिणी झालेल्या असतात.

मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही जिम आणि सेंटर बघून घ्या, एकेका ठिकाणी नेहमीचा सराव आणि त्यानंतर मुलीचा एक ट्रायल क्लास. ‘आजच डिपॉझिट भरलं तर सूट’ असं ऐकलं तर हसून घरी या. दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी ईमेलवर मागवा: महिनावार खर्चाचा तक्ता, धाकट्या टीमला वर्षभर कोण शिकवणार त्यांची नावं, आणि सीझनच्या मध्यात सोडल्यास काय होतं ते. ज्या जिमकडून आठवड्याभरात या तिन्हींची सरळ उत्तरं येणार नाहीत, तिचं नाव खोडून टाका.